हेल्मेटचे गाऱ्हाणे कोणापुढे?

पेडणे आणि डिचोली या गोव्याच्या उत्तरेकडील दोन तालुक्यांत दुचाकी ही हौसेची वस्तू राहिलेली नाही. तुये वा डिचोली येथील औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीला पोचणारा कामगार, मुलाला पुढे उभे करून शाळेच्या फाटकापाशी सोडणारी आई, शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला हरमलच्या मिरच्यांचे गाठोडे नेणारा बागायतदार, रात्री उशिरा मोपाच्या विमानतळावरील काम आटोपून घरी परतणारा तरुण, या सर्वांचे जाणे-येणे दुचाकीवर अवलंबून असते. आतल्या वाड्यांपर्यंत बस जात नाही, आणि जाते तेथे शेवटची बस दिवेलागणीच्या सुमारासच निघून गेलेली असते. त्यामुळे दुचाकीसंबंधी एखादा नियम झाला, की तो थेट घराघरांत जाऊन पोचतो. हेल्मेटच्या सक्तीचे असेच झाले आहे.

गोव्याच्या विधानसभेत चाळीस आमदार आहेत. एकेका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आसपास मतदार. इतका लहान मतदारसंघ देशात फार थोड्या राज्यांत सापडेल. येथील आमदार हा जत्रेला भेटतो, फेस्ताला भेटतो, लग्नाच्या मांडवात भेटतो. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालण्याची रीत या भागात जुनी आहे; आमदारापुढेही लोक त्याच मोकळेपणाने गाऱ्हाणे घालतात. वाहतूक पोलिसाने तालांव फाडला, की त्या कागदाच्या तुकड्यासह माणूस आमदाराच्या दारी उभा राहतो, आणि चार माणसांचे तालांव एकत्र झाले की त्याचे निवेदन होते.

त्या गाऱ्हाण्यात काय असते हे आधी नीट ऐकले पाहिजे, कारण त्यातील पुष्कळसा भाग खरा आहे. वैशाखातील उकाड्यात हेल्मेटच्या आत डोके घामाने निथळते. कोपऱ्यावरच्या दुकानातून साखर आणावयाची, तर अर्ध्या मैलासाठी शिरस्त्राण चढवावे लागते. केसांत अबोलीचा वळेसर माळलेल्या बाईची अडचण पुरुषांच्या लक्षातही येत नाही. मागून येणाऱ्या ट्रकचा कर्णा नीट ऐकू येत नाही, असे काहीजण सांगतात. भाड्याची मोटारसायकल घेऊन हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर उघड्या डोक्याने हिंडणारा पर्यटक सुटतो आणि ओळखीचा गावकरी सापडतो, ही तर नेहमीची तक्रार. आणि सर्वांत शेवटी, खड्डे बुजवल्यावाचून हेल्मेटची सक्ती करण्याचा सरकारला अधिकार काय, हा प्रश्न. या सर्वांतून मागणी निघते ती अशी की, महामार्गावर सक्ती असावी, पण गावात व शहराच्या हद्दीत ती नसावी.

आता प्रश्न असा की, हे गाऱ्हाणे ज्याच्यापुढे घातले जाते त्याच्या हाती ते मान्य करण्याची सत्ता आहे काय? याचे उत्तर २०१९ पूर्वी एक होते आणि आज दुसरे आहे.

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात कोणत्या विषयावर कोणी कायदा करावा याच्या तीन याद्या दिल्या आहेत. यंत्राने चालणारी वाहने हा विषय समवर्ती यादीत ३५ व्या क्रमांकावर येतो. म्हणजे संसद आणि राज्याचे विधिमंडळ या दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. मात्र दोहोंत विरोध आला तर संसदेचा कायदा वरचढ ठरतो. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९७७ साली दुरुस्ती करून हेल्मेटचे कलम प्रथम घालण्यात आले. त्या काळात आंध्र प्रदेशातील एका नियमाविरुद्ध प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. हेल्मेटची सक्ती ही देशभर मुक्तपणे संचार करण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आहे, असे अर्जदाराचे म्हणणे होते. न्यायालयाने १९८८ साली ते फेटाळले. नियम संचार थांबवीत नाही, संचार करणाऱ्याचा जीव राखतो, असा त्या निर्णयाचा आशय होता. तेव्हा सक्ती घटनाबाह्य आहे, हा मुद्दा त्याच वेळी निकालात निघाला.

त्यानंतर १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा आला. त्याच्या १२९ व्या कलमाने मोटारसायकल चालविणारा आणि मागे बसणारा अशा दोघांवरही हेल्मेटचे बंधन घातले. पगडी बांधलेल्या शीख व्यक्तीस त्यातून वगळले. आणि त्यापुढे एक छोटेसे वाक्य जोडले: राज्य सरकारास योग्य वाटतील असे अपवाद नियमांद्वारे करता येतील. मोटारसायकलस्वारांच्या सर्व शिष्टमंडळांना आत जाण्यासाठी जे दार होते, ते हे वाक्य होय. देशातील अनेक राज्यांत त्या दाराने लोक आत गेले. दिल्लीत धार्मिक संस्थांच्या आग्रहामुळे स्त्रियांना हेल्मेट ऐच्छिक ठेवण्यात आले होते. ती सवलत सर्वच स्त्रियांना मिळाली, आणि स्त्रिया बहुतेक मागच्या आसनावर बसत असल्याने मागचे आसन उघडे राहिले. अखेर २०१४ साली ती सवलत मागे घेऊन शीख स्त्रियांपुरतीच ठेवावी लागली. गोव्यातही हेल्मेट म्हणजे महामार्गावरचे काम, अशीच समजूत अनेक वर्षे रूढ होती. गावातल्या रस्त्यावर हेल्मेट घालणारा मनुष्य परगावचा असावा, असे लोक धरून चालत.

२०१९ साली संसदेने या कायद्यात मोठी दुरुस्ती केली आणि १२९ वे कलम नव्याने लिहिले. चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला, मग ती चालवीत असो वा मागे बसलेली असो, सार्वजनिक ठिकाणी हेल्मेट आवश्यक झाले. शिखांचा अपवाद कायम राहिला. राज्य सरकारांना अपवाद करू देणारे ते छोटे वाक्य मात्र नव्या कलमात नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून ते दार बंद आहे. कायद्याने 'सार्वजनिक ठिकाण' म्हटले आहे. महामार्ग आणि गावरस्ता असा भेद त्यात नाही. दंड पूर्वी पहिल्या गुन्ह्यास शंभर रुपयांपर्यंत होता, तो एक हजार झाला, आणि त्याच्या जोडीला तीन महिने परवाना गमावण्याची शिक्षा आली.

याचा अर्थ असा की, पेडण्याचे किंवा मांद्र्याचे, डिचोलीचे, मयेचे किंवा साखळीचे आमदार कितीही अनुकूल असले, किंबहुना चाळीसही सदस्य एकमुखाने म्हणाले, तरी गावाच्या हद्दीत हेल्मेट नको असा नियम गोवा सरकारला काढता येणार नाही. घटनेच्या २५४ व्या अनुच्छेदात एक वाट आहे. विधानसभेने केंद्रीय कायद्याहून निराळे विधेयक संमत करावे, ते राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवले जावे आणि त्यांची संमती मिळावी, तर ते त्या राज्यापुरते चालते. पण राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, आणि ज्या सरकारने ते दार बुद्ध्या बंद केले तेच ते उघडण्याचा सल्ला देईल, ही आशा फार बाळगण्यासारखी नाही.

दाराला धक्का देऊन पाहण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. गुजरात सरकारने हेल्मेटचा दंड प्रथम निम्म्यावर आणला आणि मग डिसेंबर २०१९ मध्ये नागरी हद्दीत हेल्मेट ऐच्छिक केल्याचे जाहीर केले. मामला सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीपर्यंत व उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि थोड्याच काळात सक्ती कायम आहे असे त्या सरकारला सांगावे लागले. जानेवारी २०२० मध्ये केंद्राने ॲटर्नी जनरल यांच्या अभिप्रायाच्या आधारे सर्व राज्यांना कळविले की, कायद्याने ठरविलेल्या किमान दंडाच्या खाली राष्ट्रपतींच्या संमतीवाचून जाता येणार नाही. गोव्याने निराळा मार्ग धरला. रस्ते आधी दुरुस्त करू, मग वाढीव दंड लावू, असे म्हणत अंमलबजावणी पुढे ढकलली गेली. मध्यंतरी कोरोनाची साथ आली, आणि अखेरीस १ एप्रिल २०२२ पासून नवे दंड गोव्यात लागू झाले. लोकांच्या गाऱ्हाण्याला यश आले ते एवढेच की, अडीच वर्षे मिळाली. त्या अडीच वर्षांत रस्ते किती सुधारले, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या गावच्या वळणावर उभे राहून करावा.

जवळचे दुसरे उदाहरण पुण्याचे. हेल्मेटविरोधाला पुण्यात जी परंपरा आहे, ती अन्य कोठे क्वचितच असेल. १ जानेवारी २०१९ पासून तेथील पोलिसांनी कडक अंमल सुरू केला, तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधी कृती समितीने पगड्या व टोप्या घालून दुचाकींची फेरी काढली. त्याच वर्षी जूनमध्ये शहरातील आमदारांनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची भेट घेतली आणि शहरात रस्त्यावर अडवून होणारी कारवाई थांबविण्याचे आश्वासन मिळविले. त्यापूर्वी २०१६ साली परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेटवाचून पेट्रोल नाही अशी घोषणा केली होती. तीही पेट्रोलपंप-चालकांच्या व लोकांच्या विरोधापुढे टिकली नव्हती. या दोन्ही वेळी कायद्यातील एक अक्षरही बदलले नाही. आमदारांना मिळवून देता आली ती पोलिसाची नजर दुसरीकडे वळविण्याची सोय. चौकातला पोलीस बाजूला झाला, तरी वरचा कॅमेरा चित्र काढीतच राहतो, आणि दंडाची पावती आठवड्याने घरी येते. अशी सवलत कोणाच्या हक्काची नसते. आज आहे, उद्या अधिकारी बदलला की नाही.

मोटारसायकलस्वारांनी आमदारांना भेटून कायदे बदलविण्याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, आणि त्याचा वृत्तान्त जरा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. तेथे हेल्मेटचा कायदा करणे ही प्रत्येक राज्याची स्वतंत्र बाब आहे. १९६६ साली तेथील मध्यवर्ती सरकारने महामार्ग सुरक्षा कायदा केला आणि त्यान्वये असे ठरले की, जे राज्य हेल्मेट सक्तीचे करणार नाही त्याच्या रस्त्यांच्या अनुदानात कपात होईल. पैशाचा हा चिमटा प्रभावी ठरला. १९७५ पर्यंत ५० पैकी ४७ राज्यांत सक्ती आली. परंतु त्याच काळात मोटारसायकलस्वार संघटित होऊ लागले. अबेट या नावाच्या संघटना राज्याराज्यांत उभ्या राहिल्या. चामडी जाकिटे घातलेले, दाढ्या राखलेले हे लोक शेकडो मोटारसायकलींचा ताफा घेऊन राज्याच्या राजधानीत जात, पण विधिमंडळाच्या इमारतीत शिरल्यावर शिस्तीने एकेका आमदाराची भेट घेत, समित्यांपुढे साक्षी देत, आणि निवडणुकीत कोण आपल्या बाजूचा आहे याची नोंद ठेवीत. आपले डोके आपले आहे, त्याचे काय करावयाचे ते आपण ठरवू, हा त्यांचा युक्तिवाद होता. इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९६९ सालीच तो उचलून धरून तेथील कायदा रद्द केला होता.

१९७६ साली अमेरिकी काँग्रेसने अनुदान-कपातीची अट काढून टाकली, आणि बांध फुटावा तसे झाले. पुढील चार वर्षांत निम्म्याहून अधिक राज्यांनी आपले हेल्मेट कायदे रद्द तरी केले किंवा अल्पवयीनांपुरते मर्यादित केले. मोटारसायकलींवरील मृत्यूंची संख्या त्या वर्षांत ठळकपणे वाढली. कॅलिफोर्नियाने उलट दिशेने जाऊन १९९२ पासून सर्वांना सक्ती केली, तेव्हा ती त्या राज्यात घटली. आज इलिनॉय, आयोवा आणि न्यू हॅम्पशायर या तीन राज्यांत हेल्मेटचा कायदाच नाही, आणि सर्वांना सक्ती आहे अशी राज्ये वीसहूनही कमी आहेत. २०२४ पासून नेब्रास्कानेही सक्ती सैल केली.

यातील एक तपशील विशेष बोलका आहे. फ्लोरिडा राज्याने २००० साली एकवीस वर्षांवरील स्वारांना हेल्मेटपासून मोकळे केले, परंतु अट घातली की त्याच्याजवळ किमान दहा हजार डॉलरचा वैद्यकीय विमा असावा. मिशिगनने २०१२ साली हीच अट वीस हजार डॉलरची केली. म्हणजे आमदारांनी स्वारांचा युक्तिवाद मान्य केला, पण पुरता नाही. डोके तुझे आहे खरे, पण ते फुटल्यावरचे बिल कोणाचे, हा प्रश्न त्यांनी मागे ठेवलाच. मेंदूच्या मोठ्या दुखापतीवरील उपचारांपुढे ती रक्कम काहीच नव्हे, हा भाग निराळा.

हा बिलाचा प्रश्न पेडणे व डिचोलीच्या रहिवाशाला निराळ्या रूपात भेटतो. डोक्याला मोठी दुखापत झाली, तर मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला बहुधा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागते. पेडण्याहून ते पस्तीसेक किलोमीटर आहे; डिचोलीहूनही फार जवळ नाही. वाटेत म्हापसा, पर्वरी आणि मांडवीचा पूल. शेजारच्या दोडामार्ग, सावंतवाडी भागांतील रुग्णही तेथेच येतात. गोमंतकीयाला तेथील उपचारांसाठी खिशात फारसा हात घालावा लागत नाही, म्हणून बिलाची गोष्ट येथे निघत नाही, इतकेच. पण खाटेपाशी बसण्यासाठी घरातले कोणी तरी काम सोडून महिनोन् महिने जाते, आणि तो खर्च कोणत्याही योजनेच्या कागदावर उतरत नाही.

हेल्मेट नेमके काय करते याविषयीही पुष्कळ गैरसमज आहेत. लोक त्याचे बाहेरचे कठीण कवच ठोकून पाहतात आणि त्यावरून त्याची पारख करतात. वास्तविक काम आतल्या थर्माकोलसारख्या पांढऱ्या थराचे असते. कवटी रस्त्यावर आपटते तेव्हा ती तत्क्षणी थांबते, पण आतला मेंदू वेगातच असतो आणि तो कवटीच्या आतल्या बाजूवर जाऊन आदळतो. हेल्मेटमधील तो थर आघाताच्या वेळी चिरडतो. चिरडण्यात आघाताची शक्ती खर्च होते, आणि डोके दोन-तीन मिलिमीटरऐवजी दोन-अडीच सेंटिमीटर अंतरात थांबते. एवढ्याशा अंतराने धक्क्याचा जोर दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. म्हणूनच एकदा जोराने आपटलेले हेल्मेट, बाहेरून धड दिसले तरी, पुन्हा वापरू नये. आतला थर एकदाच चिरडावयाचा असतो. आणि हनुवटीखालचा पट्टा बांधला नसेल, तर डोके जमिनीला लागण्यापूर्वीच हेल्मेट निघून गेलेले असते. पोलीस दिसला की नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट हे पोलिसापासून रक्षण करते, रस्त्यापासून नाही.

गावात वेग कमी असतो, म्हणून धोका नाही, हा मागणीचा कणा आहे. तो तपासून पाहावा. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराचे डोके समोरच्या भिंतीला वा खांबाला लागले, तर तो आघात सहा मीटर उंचीवरून, म्हणजे दोन मजल्यांवरून पडण्याएवढा असतो. तीस किलोमीटरला तो साडेतीन मीटर. आणि गाडी उभी असतानाही बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच असतेच. वळणावर खडी पसरलेली, गुरू आडवे आले, खड्डा चुकविताना हँडल वळले, तर पडावयाला मोठा वेग लागत नाही. गावातला रस्ता डांबराचाच असतो.

विमानातून वा युद्धातून जी माहिती मिळाली नसती, ती एका प्रसिद्ध मृत्यूने दिली. अरबस्तानातील पराक्रमामुळे गाजलेला इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स १९३५ साली खेड्याजवळच्या एका साध्या रस्त्यावर दोन सायकलस्वार मुलांना चुकविताना मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी एक ह्यू केर्न्स हा मेंदूचा शस्त्रवैद्य होता. त्या मृत्यूने अस्वस्थ होऊन त्याने मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास चालविला, १९४१ साली तो प्रसिद्ध केला, आणि ब्रिटिश सैन्याने आपल्या निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. नागरिकांना ही सक्ती ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९६१ साली आली, ब्रिटनमध्ये १९७३ साली. पुढे जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. भारतात २०२२ या एकाच वर्षी रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार ५०,०२९ होते, आणि त्यांतील १४,३३७ मागे बसलेले होते. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यात २०२२ व २०२३ या दोन्ही वर्षी अडीचशेहून अधिक माणसे रस्त्यांवर दगावली.

तेव्हा दारी आलेल्या शिष्टमंडळाला आमदाराने काय सांगावे? सूट मिळवून देतो असे सांगणे हे आता खोटे ठरेल. पण हात हलवीत परत पाठविण्याचेही कारण नाही. गाऱ्हाण्यातील जो भाग खरा आहे, त्यावर पर्वरीत करण्यासारखे पुष्कळ आहे.

खड्ड्यांचेच घ्या. ज्या २०१९ च्या दुरुस्तीने सुटीचे दार लावून घेतले, तिनेच १९८-अ हे नवे कलम आणले. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल ठरलेल्या सुरक्षा-प्रमाणांनुसार न केल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला वा कोणी अपंग झाले, तर जबाबदार अधिकारी, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हेल्मेटचे कलम सर्वांना तोंडपाठ झाले आणि हे कलम कोणाला ठाऊक नाही, ही गोष्ट विचित्र आहे. पत्रादेवी ते म्हापसा या टापूत महामार्गाचे रुंदीकरण वर्षानुवर्षे चालले. डिचोली तालुक्यात २०१८ साली थांबलेल्या खाणी पुन्हा सुरू झाल्या आणि खनिजाचे ट्रक रस्त्यांवर परतले. या कामांत १९८-अ खाली किती प्रकरणे नोंदली गेली, हा प्रश्न कोणत्याही आमदाराला विधानसभेत विचारता येतो, आणि सरकारला त्याचे उत्तर द्यावे लागते. शुक्रवार हा तेथे खाजगी सदस्यांच्या कामकाजाचा दिवस असतो. त्या दिवशी ठरावही मांडता येतो.

दुसरा मुद्दा मोटारसायकल पायलटांचा. पिवळ्या मडगार्डाची मोटारसायकल आणि तिच्यावर भाडे नेणारा पायलट ही गोव्याची जुनी ओळख. त्याच्यावर दंडाचे हजार रुपये पडले तर ते एका-दोन दिवसांच्या कमाईएवढे. पण तीन महिने परवाना गेला, तर घरची चूलच थंडावते. तीच चूक करणाऱ्या नोकरदाराला बसने वा शेजाऱ्याच्या मोटारीने कामावर जाता येते. शिवाय पायलटाला स्वतःच्या डोक्याबरोबर मागे बसणाऱ्या अनोळखी माणसाच्या डोक्याचीही व्यवस्था पाहावी लागते, आणि दिवसभर दहा डोक्यांवर फिरलेले हेल्मेट अकरावा माणूस नाक मुरडूनच घालतो. कायद्यातील शिक्षा राज्याला बदलता येत नाही. परंतु पायलटांना मागच्या आसनासाठी हलके, धुता येण्याजोग्या अस्तराचे हेल्मेट सवलतीत देणे, हे राज्याच्या अंदाजपत्रकात सहज बसणारे काम आहे. अशी मागणी घेऊन गेलेल्या पायलटांना कोणता आमदार नाही म्हणेल?

तिसरी गोष्ट मालाच्या दर्जाची. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे आयएसआयची खूण नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनविणे वा विकणे हा गुन्हा आहे. तरीही रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली टोपलीवजा हेल्मेटे विकली जातात, आणि तालांव चुकविण्यापुरते म्हणून लोक ती घेतात. तसेच नवी दुचाकी विकताना तिच्याबरोबर हेल्मेट देण्याचे बंधन केंद्रीय नियमांनी उत्पादकावर घातलेले आहे. ते ग्राहकाने मागून घ्यावयाचे असते. भाड्याच्या गाड्यांबाबतही हाच न्याय लावता येईल. भाड्याने गाडी देणाऱ्याने दोन चांगली हेल्मेटे दिली की नाही, याची तपासणी दुकानात झाली, तर पर्यटक सुटतो ही तक्रार निम्मी मिटेल. आमदाराने वाहतूक खात्याकडे आग्रह धरावा तो या तपासणीचा.

अपघात झाल्यानंतरच्या पहिल्या तासाविषयीही कायद्यात आता बरेच आहे. जखमीला उचलून नेणाऱ्या वाटसरूला पोलीस वा न्यायालय त्रास देणार नाही, अशी हमी १३४-अ कलमाने दिली आहे. अशा माणसाला कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात जे नाव आहे, ते लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाच्या दृष्टान्तावरून आलेले आहे. वाटेवर पडलेल्या परक्याला पाहून इतर दोघे पलीकडून निघून गेले, पण तो थांबला. अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रकमेवाचून व्हावेत, अशी केंद्राची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली आहे. पेडणे व डिचोली तालुक्यांतील कोणती रुग्णालये या योजनेत आहेत, याची पाटी पंचायतीच्या फलकावर लागली, तर रात्री जखमीला घेऊन धावणाऱ्याची एक फेरी वाचेल.

राहता राहिली मुले. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी उभे राहिले, की एकेका स्कूटरवर पुढे एक आणि मागे एक अशी मुले बसलेली दिसतात. आईच्या डोक्यावर हेल्मेट असते, कारण तालांव तिच्या नावे फाटतो. मुलांची डोकी उघडी. चार वर्षांवरील मुलाला हेल्मेट आवश्यक आहे, हे वर आलेच. त्याखालच्या मुलांसाठी केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम केले, ते एका वर्षाने लागू झाले. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, चालकाशी जोडून ठेवणारा सुरक्षा-पट्टा हवा, आणि वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या वर नको. पुढे उभे केलेले मूल आघाताच्या वेळी हँडल आणि आईचे शरीर यांमध्ये सापडते, हे ध्यानात घेतले की पट्ट्याचे प्रयोजन कळते. पण तालुक्याच्या बाजारात हिंडून पाहिले, तर मोठ्यांची हेल्मेटे रांगेने टांगलेली दिसतात आणि पाच-सहा वर्षांच्या डोक्याला बसेल असे खूण असलेले हेल्मेट बहुधा मिळत नाही. गिऱ्हाईक विचारीत नाही, म्हणून दुकानदार ठेवीत नाही. पालक-शिक्षक संघाने शाळेतील मुलांच्या डोक्यांची मापे घेऊन एकत्र मागणी नोंदविली, तर दुकानदार ती आणून देईल. आणि त्या यादीची एक प्रत आमदाराच्या हाती दिली, तर खर्चाचा काही वाटा सरकारी योजनेतून मिळविण्याचे काम त्याच्याकडे सोपविता येईल.